डाव्या डोळ्यातला ठिपका

१

सकाळी उदबत्तीच्या वेळेला शकुनच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि आमच्या घरात उदबत्ती नव्हती. माझा दमा वाढल्यापासून बुद्धाच्या मूर्तीपुढे आम्ही नुसती मेणबत्ती लावायचो. पोट्टी पाच वर्षांची. सात वाजले की डोळे चोळत यायची आणि म्हणायची, "आजी, धूर." शेजारी कोणाची चूल पेटली असेल, असं मी म्हणायचे. संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा तेच. लेकरांचे डोळे येतात आणि बरे होतात, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

अंजनगाव सुर्जीत बस स्टँडच्या रस्त्याला आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत माझी नात दीपमाला हिचा फोटो स्टुडिओ, मागच्या खोलीत आम्ही तिघी राहायचो. दीपमालाचा नवरा अश्विन अकोल्याला तेलाच्या मिलमध्ये होता, रविवारी यायचा. शकुन त्यांची एकुलती एक. दीपमालाची आई लवकर गेली, तिला मीच लहानाची मोठी केली, म्हणून मी तिच्याकडे. मला अक्षर येत नाही. पण एकदा पाहिलेलं तोंड मी विसरत नाही.

सकाळी दुकान झाडणं, आरसा पुसणं आणि कंगवा धुणं ही माझी कामं. तो कंगवा सुतळीनं आरशाला बांधलेला असायचा. दिवसभरात पन्नास डोक्यांतून फिरायचा. त्याच्या दातांत तेल, कोंडा, काळे-पांढरे केस अडकायचे, ते मी काडीनं काढायचे. खुंटीला एक काळा कोट होता. पासपोर्टचा फोटो काढायला येणारा प्रत्येक जण तोच घालायचा. त्या कोटाला गावभरच्या काखांचा वास येत होता.

पण कोट आणि कंगवा परवडले. खरी किळस मला दुसऱ्या कामाची होती.

आपल्याकडच्या कितीतरी माणसांचा जिवंतपणी एक फोटो नसतो. माणूस गेलं की घरच्यांना भिंतीवर लावायला तसबीर पाहिजे. मग उचलायच्या आधी दीपमालाला बोलावणं यायचं. ती कॅमेरा घेऊन जायची, मेलेल्या तोंडाचा फोटो काढून आणायची आणि कॉम्प्युटरवर त्याला जिवंत करायची. नाकातला कापूस पुसायचा, ओठावरचा फेस पुसायचा, माशी बसली असेल तर माशी पुसायची. अंगात तोच काळा कोट, मागे निळा पडदा. आणि शेवटी डोळे उघडायचे. लोक हात जोडून तेवढंच म्हणायचे, बाई, डोळे तेवढे उघडून द्या.

ती वर्षं वाईट होती. कपाशीचं काही खरं राहिलं नव्हतं, कोण कधी औषध पिऊन घेईल याचा नेम नव्हता. महिन्यातून एक-दोनदा तरी दीपमाला कॅमेरा घेऊन निघायची. ती परत आली की मी तिला दारातच हात-पाय धुवायला लावायचे, आणि त्या दिवशी तिच्या हातची भाकर माझ्या घशाखाली उतरत नसे. तिला ते समजायचं.

२

त्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर बसला. कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून रोग शिरला, असं मोईज म्हणाला. मोईज परतवाड्याचा. कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम अमरावतीला राजापेठेत शिकून आलेला, तिशीतला माणूस. दीपमालाला भाभी म्हणायचा, मला आजी. चहात साखर कमी असली की तोंडावर सांगायचा.

त्यानं सांगितलं, मशीन चालवायला चोरीचं काही टाकण्यापेक्षा लिनक्स टाकून देतो, त्याची सीडी सरळ मिळते, कोणाची चोरी नाही, रोगही धरत नाही.

मी विचारलं, "मंग मालक कोण त्याचा?"

"मालक कोनीच नाही आजी. जो वापरतो तो मालक. आतमदी काय चालू हाय ते कोनीबी उघडून पाहू शकते."

एक नवी डिस्क बसवून त्यानं त्यावर लिनक्स टाकलं. फोटोंसाठी जुनी डिस्क साफ केली, सगळे फोटो तिच्यात परत भरले. दीपमालाला दोन दिवस शिकवलं. तेव्हा दिवसातून आठ-आठ तास लाईट जायची. तिसऱ्या दिवशी ती काम करत असतानाच लाईट गेली, आणि तिथून त्रास सुरू झाला.

नवीन डिस्क ठीक होती. फोटोंची डिस्क काही केल्या ऐकेना. फोटो दिसायचे, पण एकही खोडता येत नव्हता, नवा ठेवता येत नव्हता. मोईजनं मला समजेल असं सांगितलं: मागच्या वेळी ही नीट बंद झाली नाही, म्हणून मशीन म्हणते, हिच्यातलं फक्त पाहा, हिच्यावर काही लिहू नका. दुरुस्त करायची तर आधी ती मशीनवरून उतरवावी लागते. आणि उतरव म्हटलं की मशीन उत्तर देते, आता नाही, ती कोणीतरी वापरत आहे.

"मंग वापरणं बंद कर ना," दीपमाला म्हणाली.

"सगळं बंद हाय भाभी. कोन वापरून राहिलं ते दाखव म्हटलं तर यादी कोरी येते."

त्यानं मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. मग डब्बा उघडला. आतून असा वास आला की मी पदर नाकाला लावला. एक पाल आतल्या पाटीला चिकटून वाळून गेली होती, शेपटीचा तुकडा पंख्यात.

"हे घ्या आजी, तुमचा व्हायरस," मोईज हसत म्हणाला.

मी ती चिमट्यानं काढली. चिमटा तीनदा धुतला आणि शेवटी फेकून दिला. पण पाल गेली तरी वास गेला नाही. तो पालीचा नव्हताच. ओला कापूस बंद डब्यात विसरला की जसा वास येतो, तसा तो होता. मी रोज सकाळी फिनाईलनं ती खोली पुसायचे, आणि दहा वाजेपर्यंत तो वास परत येऊन बसायचा.

३

शकुनच्या डोळ्यांना चिपड यायला लागलं. मी कोमट पाण्यात कापूस बुडवून पुसायचे. लेकराचं चिपड पिवळं असतं, हे मी सात लेकरांचे डोळे पुसून सांगते. हे करडं होतं. बोटावर चोळलं तर भुकटी झाली. मी नाकाजवळ नेलं. उदबत्तीची राख.

कुठून तरी उडून आली असेल, असं मी मनाला सांगितलं.

चौथ्या दिवशी तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं काही दिसलं. मी हळूच चिमटीत धरलं आणि ओढलं. दोरा निघाला. बोटभर लांब, ओला. त्याच्या टोकाला झेंडूची एक पाकळी सडून काळी झालेली. हार ओवतात तो दोरा. शकुन रडली नाही. ती माझ्याकडे पाहतही नव्हती.

मी मोरीत जाऊन ओकले. तोंड धुतलं आणि पुन्हा तिच्याजवळ येऊन बसले. लेकराची किळस करून कसं चालेल?

दीपमालाला दोरा दाखवला तर ती चिडली. पोट्टी कुठंतरी मातीत खेळते, हारातली फुलं तोंडाला-डोळ्याला लावते, तू तिच्याकडं पाहत नाहीस, असं मला बोलली. दुसऱ्या दिवशी आम्ही अमरावतीला गेलो. राजापेठेतल्या डॉक्टरनं उजेड मारून दोन्ही डोळे पाहिले. डोळे चांगले आहेत म्हणाला. मग खुर्चीत मागे सरून थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिला.

"ही पापणी कधी लवते?" त्यानं विचारलं.

मी आठवून पाहिलं. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत बसलो, आणि डॉक्टरनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पोट्टीनं पापणी लववली नाही.

त्यानं थेंब लिहून दिले. असंच राहिलं तर बुबुळ सुकून जाईल आणि मग काही करता येणार नाही, असं त्यानं दीपमालाला इंग्रजी मिसळून सांगितलं. येताना जीपमध्ये ती डॉक्टरची चिठ्ठी मुठीत धरून बसली होती. शकुन माझ्या मांडीवर होती. झोपली होती, पण डोळे उघडे.

४

घरी आल्यापासून शकुनला एक नवीन खोड लागली. ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची. खेळ नाही, बोलणं नाही. हात खाली सोडलेले, मान सरळ. काय करून राहिली, असं विचारलं तर म्हणायची, "पाहून राहिली."

"काय पाहून राहिली वं?"

"ती बाई चुलीपुढं बसली. ते पोट्टं पुस्तक घेऊन बसलं. तिकडं त्या घरात भांडण चालू हाय."

कितीतरी घरं ती सांगायची. घरांची नावं तिला माहीत नव्हती. दांडीवरचं हिरवं लुगडं, कोपऱ्यातलं जातं, गळकं छप्पर आणि त्याखाली ठेवलेलं टोपलं, एवढं सांगायची. कानावर पडलेलं लेकरू बोलतं, असं मी मनाला समजावत होते.

त्याच आठवड्यात मोईज पुन्हा आला. उतरत नाही तर नाही, निदान सगळे फोटो नव्या डिस्कवर घेऊन ठेवू, असं त्याचं म्हणणं होतं. त्यानं मेलेल्या माणसांचे सगळे फोटो एकदम पडद्यावर लावले, खिडकीच्या चौकटीसारखे रांगेनं. मी मागे पोछा मारत होते. सहज वर पाहिलं.

एकतीस तोंडं होती. बुढे, तरणे, बाया, सगळ्यांच्या अंगात तोच कोट. मी त्यांना एक-एक करून कधीतरी पाहिलं होतं, पण असं ओळीनं कधी नाही. ते सगळे एकाच नजरेनं माझ्याकडे पाहत होते.

शकुनच्या डाव्या डोळ्यात, बुबुळाच्या खाली, मोहरीएवढा तपकिरी ठिपका आहे. जन्मापासूनचा. न्हाऊ घालताना सगळ्यात आधी मी तोच पाहिला होता.

एकतीस जणांच्या डाव्या डोळ्यात तो ठिपका होता.

पोछा माझ्या हातातून पडला. मी दीपमालाचं मनगट धरून तिला मागच्या खोलीत नेलं आणि विचारलं.

तिनं मनगट सोडवून घेतलं. मग म्हणाली, "तिच्या तिसऱ्या वाढदिवसाला फोटो काढला होता ना दारात. इतके साफ डोळे दुसऱ्या कोणाचेच नाही निघाले आजी. तेच कापून ठेवले. कोणी गेलं की तेच बसवते. थोडे पिवळे करते, सुरकुती टाकते. कोणाले समजते?"

"मेलेल्याच्या तोंडात लेकराचे डोळे घातले तू."

"फोटोच तर हाय."

मी तिला मारलं. तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा. आणि मारलेला हात मी लुगड्याला पुसला, ते तिनं पाहिलं.

५

ती दुपारभर रडली. मग उठून मोईजला म्हणाली, ते कापून ठेवलेले डोळे आहेत ती फाईल खोड. काय वाट्टेल ते कर, पण ती खोड.

"मी या मशीनचा बाप बनून पाहून घेतलं भाभी. बापालेबी नाही म्हणते," मोईज म्हणाला. मग त्यानं ती फाईल उघडली.

पडद्यावर नुसते दोन डोळे आले, भाकरीएवढे. कातडी नाही, नाक नाही. पापण्यांची कडा कापलेली. ते ओले दिसत होते.

"यात आपलं दार पाहिजे," दीपमाला हळूच म्हणाली. "तिच्या बुबुळात दार उमटलं होतं, चार गजाचं. एक गज वाकडा. मी रोज पाहते."

दार नव्हतं. मोईजनं बुबुळ मोठं केलं, आणखी मोठं केलं. आत एक खोली होती. अंधारी. पत्र्याला भोक होतं, त्यातून उजेड येत होता. उभी करून ठेवलेली खाट, आणि लोखंडी पेटी, तिच्यावर रंगवलेला हिरवा पोपट.

ती पेटी मी ओळखली. पथ्रोटकडच्या रस्त्याला खेड्यात मला मावशी म्हणणारी वच्छला राहायची, तिची ती पेटी. तिचा नवरा पुंजाराम गेला तेव्हा मी तिच्याकडे बसायला गेले होते. पुंजाराम पानमळ्यात कामाला होता. वच्छला लेकीकडे नागपूरला गेली होती, आणि तो भर उन्हाळ्यात घरात एकटाच मेला. दोन दिवसांनी दार उघडलं. दीपमाला फोटो काढायला गेली आणि कॅमेरा टाकून अंगणात ओकली होती. तोंड इतकं सुजलं होतं की डोळ्यांच्या जागी नुसत्या चिरा होत्या. नाकात कापूस कोंबलेला. काढू नका, असं लोक म्हणाले, काढला की वाहते. पण वच्छलानं पाय धरले. ती तसबीर करायला दीपमालाला आठ दिवस लागले. तिच्या हातचं सगळ्यात चांगलं काम तेच.

मोईज फाईलची तारीख पाहत होता. त्याचा रंग उतरला.

"ही आजची तारीख हाय. आत्ताची वेळ. पाहा, आता पुन्हा बदलली." तो आमच्याकडे न पाहता बोलत होता. "डिस्कवर तर काहीच लिवता येत नाही. मंग हे कोन लिवून राहिलं?"

आमच्या मागे शकुन भिंतीला पाठ लावून उभी होती. पडद्याकडे तिचं तोंडही नव्हतं.

"पोपटाची पेटी," ती म्हणाली. "आजी, तिथं कोणीतरी हाय."

६

त्या दिवशी मोईज रोजच्या वेळेला परतवाड्याला गेला नाही. दिवेलागण होईपर्यंत तो मशीनशी बसून होता. मग त्यानं सांगितलं की लिनक्समध्ये प्रत्येक फाईलला मालक असतो. त्याचं नाव आतमध्ये नोंदलेलं असतं. या फाईलला मालकाचं नाव नाही, नुसता आकडा आहे, आणि त्या आकड्याचा माणूस या मशीनमध्ये कोणी नाही.

"म्हणून कोन वापरून राहिलं ते दिसत नसन," तो म्हणाला. "एक गोष्ट करता येते. त्याच आकड्याचा माणूस आपण बनवायचा. त्याले नाव द्यायचं. मंग मशीन त्यालेच मालक समजीन. त्याच्या नावानं आत जायचं, फाईल नीट बंद करायची आणि बाहेर निघायचं."

"बनव," दीपमाला म्हणाली. "माझं नाव टाक."

"नाही," मी म्हटलं. "तुले लेकरू वाढवायचं हाय. माझं टाक. जाईबाई."

"आजी, तू कशाले?"

"माझ्या डोळ्यात आधीच मोतीबिंदू हाय. माझं काय जाणार?"

मोईज म्हणाला, नुसतं नाव आहे आजी, मशीनमध्ये नावाला काही होत नसते. असं म्हणाला आणि मानेवरचा घाम पुसला. त्यानं नाव टाकलं. दीपमालानं बोट ठेवून दाखवलं, हे तू. पांढऱ्या किड्यांची एक ओळ होती.

मग मालकाचा गुप्त शब्द मालकानंच टाकायचा, असं तो म्हणाला. मला बटन कुठलं माहीत? मी एकच बटन सहा वेळा दाबलं. पुन्हा एकदा टाका म्हणाला, पुन्हा तेच सहा वेळा दाबलं. त्या बटनाला बोट चिकटत होतं. मी ते लुगड्याला पुसलं.

फाईल उघडली. दोन डोळे. मोईज म्हणाला, आजी, हे इथं दाबा. मी दाबलं. डोळे गेले. तो म्हणाला, आता इथं दाबा, म्हणजे तुम्ही बाहेर. मी बाहेर आले. त्यानं डिस्कला उतर म्हटलं.

डब्ब्यातून एक लहानसा आवाज आला, दात वाजल्यासारखा. आणि घरघर थांबली.

"उतरली," मोईज म्हणाला.

मागे शकुननं पापणी लववली. मग पुन्हा. मग ती भिंतीपासून निघाली, डोळे चोळत जमिनीवर बसली आणि भूक लागली म्हणून भोकाड पसरलं. दीपमालानं तिला उचललं. दोघी रडत होत्या. मी भात टाकायला उठले.

मोईजनं डिस्क बाहेर काढली. ती तापल्या लेकराच्या कपाळासारखी गरम होती, आणि ओली. त्यानं बोटं नाकाजवळ नेली आणि लगेच दूर केली. मागच्या अंगणात दगडावर ठेवून हातोड्यानं ती बारीक केली, माती लोटली. चहा न घेता गेला.

७

शकुनच्या डाव्या डोळ्यातला ठिपका गेला. आठ दिवसांत फिका झाला आणि नवव्या दिवशी दिसेनासा झाला. दीपमालानं आनंदानं मला दाखवलं. मी आरशापुढे गेले, जिथं तो कंगवा बांधलेला असतो, आणि माझा डावा डोळा बोटांनी ताणून पाहिला. मोतीबिंदूच्या खाली मोहरीएवढं तपकिरी. शकुन सांगायची ती घरं आता मला दिसायला लागली होती. मी कोणाला सांगितलं नाही.

दीपमालानं नव्या डिस्कवर घेऊन ठेवलेल्या, डोळे बसवायच्या आधीच्या फोटोंवरून सगळ्या तसबिरी नव्यानं केल्या, डोळे मिटलेल्या, झोपल्यासारख्या. दोन महिने आम्ही खेडोपाडी फिरून जुन्या तसबिरी उतरवल्या आणि नव्या लावल्या. कोणी शिव्या दिल्या. एक म्हातारा म्हणाला, बरं केलं बाई, हा माझ्या ताटात पाहायचा. एक-एक तसबीर उतरली की माझ्या डोळ्यांसमोरचं एक-एक घर विझायचं. तीस घरं विझली.

वच्छलाच्या घराला कुलूप होतं. ती लेकीकडे नागपूरला कायमची गेली. दीपमालानं फोन लावून मला दिला. तसबीर बदलायची आहे, किल्ली पाठव, असं मी म्हटलं.

"मावशी, मी ती तसबीर मुद्दाम तिथंच सोडून आली," ती म्हणाली. "डोळे त्याचे नव्हते. मले पहिल्याच दिवशी समजलं. पण त्यालेही समजलं, त्याचं काय करू?"

किल्ली तिनं जीपवाल्याच्या हाती पाठवली. ती माझ्या उशाखाली आहे. पावसाळा आला आणि गेला. मोईज म्हणतो, मी येतो सोबत, पाच मिनिटांचं काम आहे. दीपमाला म्हणते, तुले भेव वाटत असन तर मी जाते. मी तिला शकुनची शपथ घातली आहे.

कारण ती खोली मला दिसते. डोळे मिटले की दिसते, आणि आता उघडे असले तरी दिसते. मी उंचावर खिळ्याला लटकलेली असते. दुपारी पत्र्याच्या भोकातून उजेड खाली पडतो, पेटीवरच्या पोपटावर येतो आणि निघून जातो. पाठीमागून वाळवी चढते आहे. ती लाकूड कुरतडते, तो आवाज माझ्या डोक्याच्या आत येतो. सकाळी माझ्या डोळ्यातून जी माती निघते ती मी मोरीत धुते, दीपमाला उठायच्या आधी.

आधी मला वाटलं, चोर आहे. दाराला कुलूप असताना खोलीत माणूस होता. भिंतीकडे तोंड करून उभा. मग समजलं की तो भिंत चाचपतो आहे. दाराजवळून सुरुवात केली होती. रोज हातभर पुढे सरकतो. सुजलेले हात, कातडी ओल्या फडक्यासारखी बोटांवरून सैल झालेली. दीपमालानं तसबिरीतला कापूस पुसला होता. त्याच्या नाकातला पुसला नव्हता. आणि डोळ्यांच्या जागी त्या दोन चिरा, घट्ट.

मी कुलूप काढून आत गेले तर मला मीच येताना दिसेन. मधात तो असेल.

काल दुपारी त्याचा हात चौकटीला लागला. तो थांबला. मान वर केली. मग त्यानं पंजा काचेवर ठेवला आणि सावकाश पुसली, इकडून तिकडे, जसा मी आरसा पुसते.

मी अंगणात बाजेवर बसून तांदूळ निवडत होते. शकुन माझ्यापुढे बसून खडे वेचत होती. तिनं वर पाहिलं आणि पाहतच राहिली.

"आजी, तुया डोळ्यावर बोटं उमटले."

ती पुसायला पुढे झाली. मी सूप खाली टाकलं आणि तिचा हात झटकला.

"हात नको लावू," मी म्हटलं. "तू तिकडं, आईजवळ जाऊन बस."